छाप आणि पोत : सार्वजनिक विद्यापीठांतील अभियांत्रिकी प्रवेशाचा विचार

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



दरवर्षी निकालाचे दिवस आले की आपल्या घराघरांतून एकच विषय चालतो. नातेवाइकांचे दूरध्वनी येत असतात आणि "काय शिकणार?" या प्रश्नाच्या आधी "कुठे मिळाले?" हा प्रश्न विचारला जातो. अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याची चार वर्षे आणि त्यापुढील चाळीस वर्षांची दिशा या दोन प्रश्नांच्या क्रमावर अवलंबून असते. आजचा विषय त्या क्रमाचा आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी कापडाचे एक जुने दुकान आहे. त्या घरातील थोरला मुलगा लहानपणापासून यंत्रांत रमणारा. वडिलांबरोबर खरेदीसाठी इचलकरंजीस गेला की सौदा चालू असताना तो यंत्रमागाजवळ उभा राहून धोटा कसा फिरतो हे पाहत असे. बारावीनंतर सामायिक प्रवेश परीक्षेत त्याला उत्तम पर्सेंटाईल मिळाले. पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा एका रात्री दुकान वाढविल्यावर वडील, काका आणि एक परिचित असे तिघे संगणकासमोर बसले. ज्या संस्थेचे नाव गावात सर्वांना ठाऊक, ती पहिल्या क्रमांकावर घातली. तेथे यंत्र अभियांत्रिकी मिळण्याजोगी नव्हती, म्हणून जी शाखा मिळेल ती लिहिली. मुलाला हाक मारली ती भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक सांगण्यापुरती. पहिल्याच फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला, पेढे वाटले गेले. त्या रात्री मुलगा आजीला म्हणाला, "आजी, सगळ्यांनी अभिनंदन केले, पण मला काय शिकायचे आहे हे कुणी विचारलेच नाही."

आता मागे फिरणे शक्य नव्हते. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली की ती निश्चित समजली जाते आणि पुढील फेऱ्यांचे दार बंद होते. मुलगा त्या संस्थेत गेला.

वडिलांचा हेतू वाईट नव्हता. मुलाचे भले व्हावे याच इच्छेने ते जागले होते. तरीही एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. हेच गृहस्थ दुकानासाठी माल घेताना ताग्यावरील छाप पाहून कधी सौदा करीत नाहीत. ते कापड चिमटीत धरतात, उजेडाकडे करून ताणा-बाणा पाहतात, किनार तपासतात, आणि हे कापड कोणत्या गिऱ्हाइकासाठी आहे हे मनाशी ठरवितात. एका ताग्यासाठी एवढी पारख करणारा माणूस मुलाच्या चार वर्षांसाठी मात्र छापेवर विसंबला. आपल्या समाजातील अनेक घरांत असेच घडते.

म्हणून प्रथम छाप कशी पडते ते पाहू. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले. मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कावसजी दावर यांनी कंपनी उभी केली तेही साल १८५४ च. पुण्याच्या या संस्थेतून पुढे भारतरत्न मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या शिकून बाहेर पडले. प्रारंभी तेथील पदवी मुंबई विद्यापीठाची असे. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती पुण्याची झाली. २००३ साली संस्थेला स्वायत्तता मिळाली आणि २०२२ साली तिचे स्वतंत्र सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. म्हणजे संस्था तीच राहिली आणि पदवीवर मात्र तीन निरनिराळ्या विद्यापीठांची नावे आली. "विद्यापीठ कोणते?" एवढ्यावरच थांबणाऱ्या पालकाने हा इतिहास ध्यानात ठेवावा.

सरकारी वा अनुदानित शिक्षणाच्या आज मुख्यतः तीन तऱ्हा दिसतात. पहिली तऱ्हा स्वतः शिकवून स्वतःच पदवी देणाऱ्या विद्यापीठाची, जसे पुण्याचे सीओईपी, किंवा अभिमत विद्यापीठाचा दर्जा २००८ साली मिळालेली माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जी १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली होती. दुसरी तऱ्हा स्वायत्त संस्थेची. अभ्यासक्रम आणि परीक्षा संस्थेची, पदवी विद्यापीठाची. १८८७ साली स्थापन झालेली व १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करणारी मुंबईची व्हीजेटीआय, नांदेडची १९८१ सालची श्री गुरू गोविंदसिंहजी संस्था, १९६० साली निघालेले कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय ही त्यांपैकी नावे. सांगलीचे वालचंद महाविद्यालयही याच मालिकेतील आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयाला पुढे आपल्या समाजातील थोर उद्योगपती, सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. तिसरी तऱ्हा संलग्न महाविद्यालयाची. तेथे शिकवणारे एक, आणि अभ्यासक्रम व परीक्षा ठरविणारे दुसरे.

या तिसऱ्या तऱ्हेत गोंधळ अधिक होतो. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ च्या कायद्याने स्थापन झाले. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरातील महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला. लोणेऱ्याच्या आवारात शिकलेला विद्यार्थी आणि तेथून कित्येक कोस दूर असलेल्या एखाद्या संलग्न महाविद्यालयात शिकलेला विद्यार्थी, दोघांच्या पदवीवर नाव एकच असते. शिक्षक, प्रयोगशाळा आणि सहाध्यायी मात्र निरनिराळे असतात. मुंबई, पुणे, शिवाजी या जुन्या विद्यापीठांच्या बाबतीतही हेच खरे आहे. विद्यापीठाच्या नावाने संस्था पारखता येत नाही, ती स्वतंत्रपणे पारखावी लागते.

पारखण्याची काही साधने आहेत. नॅकचे मानांकन संपूर्ण संस्थेचे असते, तर राष्ट्रीय मानांकन मंडळाचे, म्हणजे एनबीएचे, मानांकन एकेका शाखेचे असते. एकाच संस्थेत एका शाखेला ते असेल आणि दुसरीला नसेल. म्हणून "कॉलेजला एनबीए आहे का?" असे न विचारता "या शाखेला आहे का, आणि कोणत्या वर्षापर्यंत?" असे विचारावे. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्या करारान्वये विद्यापीठे व स्वायत्त संस्था यांच्या पहिल्या श्रेणीतील मानांकित शाखांना सदस्य देशांत समकक्ष मानले जाते. परदेशी जाण्याचा मानस असणाऱ्यांनी ही बाब अवश्य पाहावी.

परंतु कागदावरील मानांकनाने सर्व काही कळत नाही. प्रत्यक्ष जाऊन पाहण्याला पर्याय नाही. एका दिवसाची रजा आणि येण्याजाण्याचे भाडे एवढाच त्याचा खर्च आहे. कार्यशाळेतील यंत्रे चालू आहेत की त्यांवर धूळ आहे, ग्रंथालयात संध्याकाळी मुले बसतात का, शिक्षक कायम नेमणुकीचे किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, वसतिगृहात पहिल्या वर्षी जागा मिळते का, हे विचारावे. चौथ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलावे, त्यांतला एक त्याच शाखेचा असावा. नोकरी किती जणांना लागली हे विचारताना ती कोणत्या प्रकारच्या कामाची लागली हेही विचारावे. आपल्या कुटुंबांत आणखी एक प्रश्न असतो. भोजनगृहाची वेळ सूर्यास्तापूर्वीची असेल का, कंदमुळाविना जेवण मिळेल का? हा प्रश्न संकोचाने मनात ठेवू नये. तो प्रवेशापूर्वीच विचारावा आणि सोय नसेल तर जवळपास काय व्यवस्था होईल ते आधी पाहावे. पहिल्या सहामाहीत मुलाने उपाशी राहून अभ्यास करणे कोणालाच हितावह नाही.

यानंतर शाखेचा विचार. येथे त्याच कापड दुकानाच्या घराकडे पुन्हा वळावे लागेल. थोरल्यानंतर चार वर्षांनी त्या घरातील मुलीची बारावी झाली. ती सुट्टीत दुकानात बसत असे. एकदा एका लग्नाच्या बस्त्यातील साडीने पहिल्याच धुण्यात रंग सोडला. गिऱ्हाईक साडी घेऊन परत आले. वडिलांनी एक शब्द न बोलता साडी बदलून दिली. गिऱ्हाईक गेल्यावर मुलीने विचारले, "बाबा, रंग का गेला?" वडिलांना उत्तर देता आले नाही. घाऊक व्यापाऱ्याने रंगाई करणाऱ्याकडे बोट दाखविले, रंगाई करणाऱ्याने सुताकडे. तीन पिढ्या कापडात गेलेल्या घरात त्या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळ नव्हते. मुलीच्या मनात मात्र तो प्रश्न घर करून राहिला.

माटुंग्यात दोन सार्वजनिक संस्था एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत आणि दोहोंत वस्त्राचा अभ्यास होतो. नाव ऐकून दोन्हीकडे एकच शिकवीत असतील असे वाटते. प्रत्यक्षात व्हीजेटीआयमधील वस्त्र-तंत्राचा भर तंतूपासून सूत आणि सुतापासून कापड कसे होते यावर, म्हणजे कताई-विणाईवर आहे. रसायन तंत्रज्ञान संस्थेत तंतू, धुलाई, रंगाई, छपाई आणि अंतिम प्रक्रिया यांचे रसायन शिकविले जाते. नांदेडलाही वस्त्र-तंत्राची शाखा आहे. ज्याला मागाची ओढ आहे त्याने एक दार ठोठवावे आणि ज्याला रंगाचे कोडे पडले आहे त्याने दुसरे. अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडून आठही सत्रांतील विषय वाचल्यावाचून हा भेद कळत नाही. संगणक, माहिती तंत्रज्ञान, विदाशास्त्र अशी नावे असलेल्या शाखांनाही हेच लागू आहे. नवे नाव पाहून भारावून जाण्यापूर्वी आत काय शिकवितात ते वाचावे.

शाखेची चलती ही कायमची नसते. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत तंत्रज्ञाला मोठा मान होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरणगावाची रया गेली, आणि त्याबरोबर कापडाच्या शिक्षणाकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. परंतु कापड विणणे थांबले नाही. ते इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सुरत येथे होतच राहिले. आज ज्या शाखेसाठी सर्वत्र झुंबड आहे, तिचे वीस वर्षांनी काय होईल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मागणीचा विचार अवश्य करावा, परंतु चाळीस वर्षांच्या आयुष्याची निवड एका हंगामाच्या भावावर करू नये.

आता प्रक्रियेतील काही बाबी, ज्यांच्या अज्ञानामुळे चांगल्या विद्यार्थ्यांचे नुकसान होते. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. ९५ पर्सेंटाईल म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी ९५ टक्के विद्यार्थी त्याच्या बरोबरीने वा मागे आहेत, असा अर्थ. मागील वर्षाचे शेवटचे गुण पाहताना आपला प्रवर्ग, शाखा आणि फेरी यांच्याच रकान्यात पाहावे. अनेक संलग्न महाविद्यालयांत गृह विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी जागांचा मोठा हिस्सा वेगळा मोजला जातो, आणि गृह विद्यापीठ ठरते ते बारावी कोठून उत्तीर्ण झाली यावरून. अकरावीलाच मुलाला दुसऱ्या जिल्ह्यात पाठविणाऱ्या पालकांनी हे तेव्हाच ध्यानात घ्यावे.

पसंतीक्रम लावताना साधा नियम पाळावा : जी जागा मिळाल्यास आनंदाने जाऊ तीच वर, आणि मिळाली तरी जाणार नाही ती यादीत नकोच. २०२५ च्या प्रक्रियेत हा विचार अधिकच अगत्याचा झाला, कारण दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी मिळालेली जागाही निश्चित मानली गेली. नियम दरवर्षी बदलू शकतात. म्हणून गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर न जाता राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी, आणि ती विद्यार्थ्यासह वाचावी.

खर्चाचाही स्पष्ट विचार हवा. शासकीय संस्थेतील शुल्क सामान्यतः खासगी महाविद्यालयापेक्षा कमी असते. तथापि काही अनुदानित संस्थांत एकाच छपराखाली एक शाखा अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते व दोन्हींच्या शुल्कांत अंतर असते. मोठ्या शहरातील राहणे-जेवणे कधी कधी शुल्काहून जड होते. चार वर्षांची एकत्र बेरीज करावी, पहिल्या वर्षाच्या आकड्यावर समाधान मानू नये.

सवलतींच्या बाबतीत आपल्या समाजात दोन गैरसमज आढळतात. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजासाठी जागा असतात, परंतु सार्वजनिक विद्यापीठांत त्या आधारावर जागा राखीव नसतात. याउलट, ज्या सवलती मिळू शकतात त्यांकडे "आपल्याला कोठे मिळणार?" म्हणून दुर्लक्ष केले जाते. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असणाऱ्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, शुल्कमाफीच्या अतिरिक्त जागा आहेत, आणि २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के आरक्षण आहे. २०२४ पासून ठरावीक प्रवर्गांतील मुलींना त्याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत मिळते. छोट्या दुकानदाराचे, नोकरदाराचे, विधवा मातेचे घर यांत बसू शकते. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून वेळेवर काढून ठेवावा. खोटा दाखला कोणी काढू नये, आणि खरा असताना संकोचाने मागे राहू नये.

त्या कापड दुकानाच्या घरात दुसऱ्यांदा अर्ज भरण्याची रात्र आली, तेव्हा मुलीपुढे दोन मार्ग होते. घरापासून जवळच्या शासकीय महाविद्यालयात संगणक शाखा मिळण्याची चांगली शक्यता होती. दुसरा मार्ग माटुंग्याचा, रंगाईच्या अभ्यासाचा. नातेवाईक हसले. "घरात कापड असताना कापड शिकायला चार वर्षे, आणि तीही मुंबईत? शिवाय मुलीची जात!" काकांनी पूर्वीप्रमाणे संगणकासमोरची खुर्ची ओढली. वडिलांनी त्यांना हळूच थांबविले आणि मुलीला खुर्चीवर बसविले. ते म्हणाले, "बेटा, क्रम तू लाव. मी फक्त खर्चाचा हिशेब सांगतो." मुलीने आधी आईबरोबर जाऊन दोन्ही ठिकाणे पाहिली होती, वसतिगृहाची चौकशी केली होती, विषयांची यादी वाचली होती. तिने माटुंगा वर लिहिले.

थोरल्या मुलानेही आपली पदवी पुरी केली. तो बुद्धिमान होता, म्हणून निभावून नेले. पण शाखा बदलण्यासाठी लागणारे गुण पहिल्या वर्षी थोडक्यात हुकले, आणि चार वर्षे त्याने न आवडणारे विषय नेटाने वाचले. आज तो नोकरीत आहे आणि सुट्टीत घरी आला की अजूनही कोणाचे शिवणयंत्र उघडून बसतो. बहिणीचा प्रवेश झाला त्या दिवशी वडिलांनी त्याच्याजवळ आपली चूक बोलून दाखविली. मुलगा एवढेच म्हणाला, "तिला विचारलेत, बरे झाले." त्या एका वाक्यात तक्रार किती आणि समाधान किती, हे प्रत्येक पालकाने आपल्या मनाशी ठरवावे.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मुलगी दुकानात बसली होती. नवा माल आला होता. तिने एक पांढरे फडके ओले केले, ताग्याच्या कोपऱ्यावर दाबून दहा वेळा घासले आणि उजेडात धरले. फडक्यावर लाल छटा उतरली होती. "बाबा, हा माल ठेवू नका," ती म्हणाली. ताग्यावर नामांकित छाप होती. वडिलांनी तागा गुंडाळला आणि परत पाठविला.

विद्यार्थी मित्रहो, आई-वडिलांचा अनुभव आणि त्यांनी घाम गाळून मिळविलेला पैसा यांचा मान राखा. आपली आवड सांगताना तिच्यामागचा अभ्यासही त्यांच्यापुढे ठेवा. नुसता हट्ट म्हणजे आवड नव्हे. पालकहो, हिशेब आपण सांगावा, धोके आपण दाखवावेत, दाखले आपण जमवावेत, आणि क्रम मुलांना लावू द्यावा. या समाजातील ज्येष्ठ अभियंत्यांनी निकालाच्या दिवसांत दोन संध्याकाळी काढून गरजू विद्यार्थ्यांसोबत अर्ज वाचण्यास बसावे, एवढे झाले तरी आजच्या मेळाव्याचे सार्थक होईल.